गणितातील ऑनलाइन संशोधन चर्चासत्रे : स्वरूप, लाभ आणि मर्यादा

प्रस्तावना

गणित हा एकट्याने, कागद-पेन्सिल घेऊन करावयाचा विषय आहे, असा एक सर्वसाधारण समज आढळतो. या विषयाला प्रयोगशाळा लागत नाही, महागडी यंत्रसामग्री लागत नाही. तेव्हा लहान गावातील प्राध्यापकालाही मोठ्या विद्यापीठातील प्राध्यापकाइतकेच संशोधन करता यावे, असे वरवर पाहता वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. गणिताचे संशोधन फार मोठ्या प्रमाणात बोलण्यातून पुढे जाते. एखाद्या सिद्धतेचा छापील मजकूर वाचून जे महिनाभर उमगत नाही, ते जाणकाराने फळ्यावर दहा मिनिटांत उलगडून दाखविले की लख्ख समजते. कोणता प्रश्न महत्त्वाचा, कोणती वाट पूर्वीच चोखाळून झाली आहे आणि कोणती अद्याप मोकळी आहे, हे ग्रंथांत क्वचितच लिहिलेले असते. ते चर्चासत्रात कळते.

२०२० पर्यंत असे चर्चासत्र हे स्थळाशी बांधलेले होते. ज्याला मुंबई, बंगळूर, पॅरिस किंवा प्रिन्स्टन येथे बसता येई, त्यालाच त्याचा लाभ मिळे. बेळगाव, ग्वाल्हेर किंवा औरंगाबाद येथील पदव्युत्तर विद्यार्थ्याला ती दारे जवळजवळ बंदच होती. मागील काही वर्षांत ही दारे उघडली. परंतु दार उघडे असणे आणि आत जाऊन चर्चेत सहभागी होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रस्तुत लेखात ऑनलाइन संशोधन चर्चासत्रांचे स्वरूप, लाभ आणि मर्यादा यांचा विचार केला असून लहान महाविद्यालयांना त्यांचा खरा उपयोग कसा करून घेता येईल याची चर्चा केली आहे.

संज्ञेचा अर्थ

‘सेमिनार’ हा शब्द लॅटिन ‘सेमिनारियम’ या शब्दावरून आला असून त्याचा मूळ अर्थ रोपवाटिका असा आहे. बी पेरावयाचे, रोप जोमदार करावयाचे आणि मग ते शेतात लावावयाचे, ही कल्पना या शब्दामागे आहे. मराठीत त्यासाठी ‘चर्चासत्र’ आणि ‘परिसंवाद’ हे शब्द रूढ आहेत. उर्दूत ‘सेमिनार’ हाच शब्द सर्रास वापरला जात असला, तरी ‘मुजाकरा’ आणि ‘मुबाहिसा’ हे जुने शब्दही त्या अर्थाने येतात. हे दोन्ही शब्द अरबीतील ज्या शब्दघडणीतून आले आहेत, ती घडण मुख्यतः परस्परांमध्ये होणारी क्रिया दर्शविते. एक बोलणारा आणि दुसरा त्याला उत्तर देणारा असल्याशिवाय मुबाहिसा होत नाही. ‘संवाद’ या शब्दातही हाच भाव आहे.

ही केवळ शब्दांची चिकित्सा नव्हे. व्याख्यान आणि चर्चासत्र यांतील मूलभूत फरक येथे स्पष्ट होतो. व्याख्यान एकतर्फी असू शकते. चर्चासत्र असू शकत नाही. ऑनलाइन चर्चासत्रांचे मूल्यमापन करताना हीच कसोटी लावणे योग्य ठरते.

पूर्वपीठिका

गणितातील संशोधन चर्चासत्राची परंपरा एकोणिसाव्या शतकातील जर्मन विद्यापीठांत दृढ झाली. पुढे ग्योटिंगेन येथे फेलिक्स क्लाइन आणि डेव्हिड हिल्बर्ट यांच्या काळात तिला मोठी प्रतिष्ठा लाभली. मॉस्को येथे इझ्राएल गेलफांड यांनी १९४३ साली सुरू केलेले सोमवारचे चर्चासत्र सुमारे साडेचार दशके चालले. तेथे वक्त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारले जात आणि बैठक कित्येक तास लांबे. पॅरिस येथे १९४८ साली सुरू झालेल्या बुर्बाकी चर्चासत्राने वेगळी प्रथा पाडली. तेथे सादर होणाऱ्या विषयाचा लिखित मजकूर तयार करून तो प्रसिद्ध केला जाई. त्यामुळे जे हजर राहू शकत नसत त्यांनाही तो वाचावयास मिळे.

भारतात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९५० च्या दशकापासून असेच एक महत्त्वाचे कार्य केले. कार्ल लुडविग झीगेल, लॉरां श्वार्त्स यांसारखे जगन्मान्य गणिती तेथे येऊन व्याख्यानमाला देत आणि संस्थेतील तरुण संशोधक त्यांची टिपणे काढून ती पुस्तकरूपाने सिद्ध करीत. ही टिपणे आजही जगभर वाचली जातात. येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या उपक्रमाचा सर्वाधिक लाभ वाचणाऱ्यापेक्षा टिपणे काढणाऱ्याला झाला. कारण समजल्याशिवाय टिपण लिहिता येत नाही.

या केंद्रांपासून दूर राहून गणित करणाऱ्यांची स्थिती कशी असे, याचे बोलके उदाहरण म्हणजे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६). नाशिकजवळील देवळाली येथे ते शाळेत शिक्षक होते. ६१७४ या संख्येचा गुणधर्म त्यांनी १९४९ च्या सुमारास शोधला. सर्व अंक समान नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी आणि हीच कृती पुन्हा पुन्हा करावी. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ ही संख्या येते. उदाहरणार्थ, ३५२४ पासून ५४३२ - २३४५ = ३०८७, नंतर ८७३० - ०३७८ = ८३५२, आणि नंतर ८५३२ - २३५८ = ६१७४. कापरेकरांच्या कार्याची व्यापक ओळख १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी आपल्या लेखातून करून दिली, त्या वेळी कापरेकरांनी सत्तरी गाठली होती. ज्याच्याशी रोज बोलावे असा जाणकार जवळ नसणे, ही अडचण त्यांना आयुष्यभर भोगावी लागली.

याउलट श्रीराम शंकर अभ्यंकर (१९३०-२०१२) यांचे उदाहरण आहे. उज्जैन येथे जन्मलेले आणि ग्वाल्हेर येथे वाढलेले अभ्यंकर मुंबईत शिकून हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि बैजिक भूमितीतील अग्रगण्य संशोधक ठरले. त्यांचे वडील गणिताचे प्राध्यापक होते. म्हणजे संवादाची सुरुवात घरातच झाली होती. पुढे अमेरिकेत असतानाही त्यांनी १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठानची स्थापना केली. ज्यांना परदेशी जाता येत नाही त्यांच्यापर्यंत चर्चा आणून पोहोचविण्याचाच हा प्रयत्न होता. तथापि पुण्यात येणे ज्यांना शक्य नव्हते, ते त्यापासूनही दूरच राहिले.

२०२० चे वळण

ऑनलाइन चर्चासत्रांचा प्रारंभ महामारीने झाला असे म्हणणे पूर्णतः बरोबर नाही. अमेरिकेतील बर्कली येथील गणित संशोधन संस्था फार पूर्वीपासून आपल्या व्याख्यानांच्या चित्रफिती उपलब्ध करून देत होती. कॅनडातील बॅन्फ येथील केंद्रात २०१२ पासून व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण आणि प्रक्षेपण होत आहे. १९९१ साली सुरू झालेल्या ‘अर्काइव्ह’ या संग्रहामुळे शोधनिबंध छापून येण्यापूर्वीच मोफत वाचता येऊ लागले होते. परंतु या सर्व सोयी वाचण्याच्या आणि पाहण्याच्या होत्या. दूरवरच्या श्रोत्याला प्रश्न विचारण्याची संधी त्यांत नव्हती.

मार्च २०२० नंतर विद्यापीठे बंद झाली आणि काही आठवड्यांतच जगभरातील चर्चासत्रे झूम व तत्सम माध्यमांवर भरू लागली. अंकशास्त्रातील ‘नंबर थिअरी वेब सेमिनार’ हे त्यांपैकी एक प्रमुख होय. त्याचे संयोजक मायकेल बेनेट कॅनडात, फिलिप हाबेगर स्वित्झर्लंडमध्ये आणि अलिना ओस्ताफे ऑस्ट्रेलियात कार्यरत होते. तीन खंडांत विखुरलेल्या संयोजकांनी एकच साप्ताहिक चर्चासत्र चालवावे, ही गोष्ट पूर्वी अशक्यप्राय होती. संभाव्यताशास्त्रात ‘वन वर्ल्ड’ नावाची मालिका सुरू झाली आणि तिच्या धर्तीवर इतर शाखांतही मालिका निघाल्या. भारतात आयआयटी मुंबई येथील प्राध्यापकांनी २०२० सालीच क्रमनिरपेक्ष बीजगणिताचे ऑनलाइन चर्चासत्र सुरू केले. अभ्यंकरांच्या कार्याशी जवळचे नाते असलेल्या या शाखेत भारतीय संशोधकांची परंपरा जुनी आहे. आता मुंबईतून निघालेल्या निमंत्रणावर जगभरचे तज्ज्ञ एकत्र येऊ लागले.

या बदलाची व्याप्ती दोन जागतिक परिषदांच्या तुलनेतून स्पष्ट होते. ऑगस्ट २०१० मध्ये गणितज्ञांची आंतरराष्ट्रीय परिषद हैदराबाद येथे भरली. भारतात ती प्रथमच होत होती. तरीही तेथे उपस्थित राहण्यासाठी प्रवास, निवास, नोंदणी शुल्क आणि रजा या सर्वांची तजवीज करावी लागे. २०२२ ची परिषद रशियातील सेंट पीटर्सबर्ग येथे व्हावयाची होती. परंतु फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणानंतर ती पूर्णपणे ऑनलाइन घेण्याचा निर्णय झाला. पारितोषिक वितरण हेलसिंकी येथे झाले आणि जुलै महिन्यातील व्याख्याने जगभर कोणालाही विनामूल्य ऐकता आली. हैदराबादला जाणे ज्या शिक्षकाला परवडले नव्हते, त्याला बारा वर्षांनंतर तीच परिषद घरबसल्या उपलब्ध झाली.

कार्यपद्धती

अशा चर्चासत्राची घोषणा साधारणतः एक-दोन आठवडे अगोदर होते. तीत वक्त्याचे नाव, विषय, सारांश आणि उपशाखा दिलेली असते. इच्छुकाने नोंदणी केली की त्याला प्रवेशाचा दुवा मिळतो. व्याख्यान बहुधा पन्नास मिनिटे ते एक तासाचे असते आणि त्यानंतर प्रश्नोत्तरे होतात. श्रोत्यांनी आपला ध्वनी बंद ठेवावयाचा, प्रश्न लिहून पाठवावयाचा किंवा हात वर केल्याची खूण करावयाची आणि संयोजकाने तो वक्त्यापर्यंत पोहोचवावयाचा, अशी पद्धत आहे. काही ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी मुख्य व्याख्यानापूर्वी अर्धा तास पूर्वतयारीचे व्याख्यान असते. नवख्या श्रोत्याने अशी चर्चासत्रे आवर्जून निवडावीत.

प्रारंभीच्या काळात अनाहूत लोक शिरून व्यत्यय आणीत. त्यावर उपाय म्हणून काही संयोजकांनी गणिती कोडेच परवलीचा शब्द म्हणून ठेवले. नऊ वस्तू किती वेगवेगळ्या क्रमांनी मांडता येतील ती सहा अंकी संख्या लिहा, अशी सूचना असे. उत्तर ३,६२,८८०. गणिताच्या विद्यार्थ्याला ते क्षणात सुचते आणि उपद्रवी माणूस बाहेरच राहतो.

वेळेचा प्रश्न

अंतर मिटले तरी पृथ्वीची गती कायम आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर दुपारी तीन वाजता भरणारे चर्चासत्र भारतात उन्हाळ्यात रात्री साडेबारा वाजता, तर हिवाळ्यात दीड वाजता सुरू होते. पॅरिस किंवा झुरिक येथील दुपारी चारचे चर्चासत्र उन्हाळ्यात साडेसातला आणि हिवाळ्यात साडेआठला येते. अमेरिका आणि युरोप वर्षातून दोनदा घड्याळे पुढे-मागे करतात. भारतात ती प्रथा नाही. शिवाय हा बदल दोन्हीकडे एकाच दिवशी होत नाही. अमेरिकेत तो मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, तर युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. परिणामी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरद ऋतूत एक आठवडा जुने गणित चुकते. या काळात वेळ दर वेळी नव्याने तपासून घेणे इष्ट.

भारतीय श्रोत्याच्या दृष्टीने युरोपातील आणि देशातील चर्चासत्रे सर्वांत सोयीची होत. भारतातील संध्याकाळ म्हणजे युरोपातील दुपार आणि अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील सकाळ. म्हणूनच भारतातून संध्याकाळी भरविलेल्या चर्चासत्रात तिन्हीकडचे लोक येऊ शकतात. ही भौगोलिक अनुकूलता भारतीय संस्थांनी अधिक जाणीवपूर्वक वापरण्यासारखी आहे.

लाभ

पहिला लाभ खर्चाचा आणि परवानगीचा. परदेशातील परिषदेसाठी व्हिसा, तिकीट आणि रजा मिळविणे अनुदानित महाविद्यालयातील शिक्षकाला दुरापास्त असते. दुसरा लाभ स्त्रियांच्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. लहान मुले, वृद्ध सासू-सासरे, एकटीने प्रवास करण्यावरील बंधने या कारणांनी एम.एस्सी. झालेल्या अनेक मुलींचा विषयाशी संबंध तुटतो. घरातून तासभर चर्चासत्र ऐकता आले तर तो धागा टिकून राहतो. तिसरा लाभ निवडीचा. ज्या महाविद्यालयात गणिताचे दोनच शिक्षक आहेत आणि दोघांच्या शाखा भिन्न आहेत, तेथे विद्यार्थ्याला तिसऱ्या शाखेची ओळख होण्याचा मार्गच नव्हता. आता तो आहे. चौथा लाभ ध्वनिचित्रमुद्रणाचा. न समजलेला भाग थांबवून पुन्हा ऐकता येतो. समोरच्या सभागृहात ही सोय नसते.

मर्यादा

मर्यादाही तितक्याच खऱ्या आहेत. खडूने लिहिणाऱ्या वक्त्याचा वेग त्याच्या हाताच्या वेगाने मर्यादित होतो आणि श्रोत्याला विचार करावयास अवधी मिळतो. पडद्यावर तयार पाने सरकविणारा वक्ता एका तासात चाळीस पाने दाखवू शकतो. श्रोता मात्र दहाव्या पानावरच मागे पडतो. भारतातील बहुसंख्य विद्यार्थी मोबाइलवर पाहतात आणि तेथे घातांक किंवा पादांक वाचणे अवघड जाते.

याहून गंभीर मर्यादा संवादाची आहे. प्रत्यक्ष चर्चासत्रानंतर चहाच्या वेळी जे बोलणे होते, त्यातून मार्गदर्शक मिळतो, नवा प्रश्न मिळतो, कधी सहलेखक मिळतो. पडद्यावरची बैठक मात्र एक कळ दाबताच संपते. ध्वनिचित्रमुद्रण चालू असताना प्राथमिक प्रश्न विचारण्यास विद्यार्थी कचरतो. नामांकित विद्यापीठांतील मंडळी एकमेकांना ओळखतात. त्यांचे प्रश्न सहज येतात. लहान गावातील श्रोता नावाच्या चौकटीमागे गप्प बसून राहतो. वर्षभर पन्नास चर्चासत्रे ऐकूनही त्याने एकही प्रश्न विचारलेला नसतो. मुबाहिसा या शब्दाची कसोटी लावली, तर त्याच्यापुरते ते चर्चासत्र झालेच नाही.

तिसरी अडचण आपल्याकडील शैक्षणिक व्यवहारातून निर्माण झाली आहे. २०२० च्या टाळेबंदीत देशातील महाविद्यालयांनी असंख्य वेबिनार भरविले. अभिप्रायाचा अर्ज भरला की ई-प्रमाणपत्र मिळे. कित्येकांनी एकाच दिवशी दोन-तीन प्रमाणपत्रे मिळविली. त्यांतील काही कार्यक्रम उत्तम होते, यात शंका नाही. परंतु त्यातून प्रमाणपत्र हाच हेतू असल्याची सवय जडली. संशोधन चर्चासत्रात बहुधा प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे ज्यापासून खरा लाभ व्हावयाचा तेच अनेकांना निरुपयोगी वाटते. संस्थाचालकांनी आणि प्राचार्यांनी या बाबीचा गांभीर्याने विचार करणे आवश्यक आहे.

अखेरची गोष्ट म्हणजे ही सोय कायमची आहे असे गृहीत धरता येत नाही. विद्यापीठे पूर्ववत सुरू झाल्यावर अनेक चर्चासत्रे पुन्हा सभागृहात गेली. काही दोन्ही पद्धतींनी चालतात. परंतु तेथे सभागृहातील श्रोत्यांकडे अधिक लक्ष जाणे स्वाभाविक असते. दूरचे श्रोते केवळ गप्प संख्या म्हणून उरले, तर त्यांच्यासाठी कॅमेरा चालू ठेवण्याचे श्रम कोणी फार काळ घेणार नाही.

लहान महाविद्यालयांसाठी एक कार्यक्रम

वरील विवेचनावरून असे दिसते की ऑनलाइन चर्चासत्राचा लाभ व्हावयाचा असेल तर त्याच्या भोवती एक स्थानिक चर्चासत्र असावयास हवे. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. दोन शिक्षक आणि चार-पाच विद्यार्थी पुरेसे आहेत. या गटाने एका वेळी एकच मालिका निवडावी आणि किमान एक सत्र ती सोडू नये. व्याख्यानाच्या दोन दिवस आधी सारांश एकत्र वाचावा, त्यातील अपरिचित संज्ञांची यादी करावी आणि प्रत्येकाने एकेका संज्ञेची व्याख्या शोधून आणावी. व्याख्यान मोबाइलवर एकेकट्याने न पाहता महाविद्यालयातील प्रोजेक्टरवर एकत्र पाहावे. त्यानंतर दोन दिवसांनी एका विद्यार्थ्याने फळ्यावर जेवढे समजले तेवढे सांगावे आणि दुसऱ्याने टिपण लिहावे. ही जबाबदारी आळीपाळीने यावी. मुंबईतील त्या जुन्या टिपणांमागे हेच तत्त्व होते.

ही स्थानिक चर्चा मातृभाषेत होण्यास काहीच हरकत नाही. व्याख्यान इंग्रजीत असले तरी त्याचे मनन मराठीत, कन्नडमध्ये किंवा उर्दूत अधिक चांगले होते. १९१८ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षण उर्दूतून दिले जात होते आणि त्यात गणिताचाही समावेश होता. तेव्हा देशी भाषांत उच्च गणित बोलता येत नाही, हा समज निराधार आहे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गटाने प्रत्येक व्याख्यानातून एक प्रश्न काढावा व तो विचारावा. प्रश्न साधा असला तरी चालेल. ‘या व्याख्येचे सर्वांत लहान उदाहरण कोणते?’ हा प्रश्न कोणत्याही विषयात विचारता येतो आणि जाणते वक्ते त्याचे स्वागतच करतात. वेळेअभावी राहिलेला प्रश्न वक्त्याला नम्रपणे ई-मेलने पाठवावा. उत्तर आले तर तेच त्या चर्चासत्राचे खरे प्रमाणपत्र होय.

समारोप

थोडक्यात, ऑनलाइन संशोधन चर्चासत्रांनी अंतर, खर्च आणि व्हिसा यांचे अडथळे पुष्कळ अंशी दूर केले. जे कापरेकरांना मिळाले नाही ते आज देवळालीच्या, निपाणीच्या किंवा इंदूरच्या विद्यार्थ्याला मिळू शकते. परंतु संकोच, एकटेपणा आणि प्रमाणपत्राचा मोह हे अडथळे तंत्रज्ञान दूर करीत नाही. ते स्थानिक शिक्षकालाच दूर करावे लागतात. रोपवाटिकेतले रोप शेवटी आपल्याच शेतात लावावे लागते आणि त्याला पाणीही आपणच घालावे लागते.